शवासनाचा तास

शिट्टीबाईंच्या गळ्यात लाल दोरीची शिट्टी कायम असे, पण सकाळी आठच्या आत ती वाजलेली आमच्या शाळेत कोणी ऐकलेली नाही. पीटीच्या बाई म्हटले की भल्या सकाळी मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणारी, हात वर, हात खाली ओरडणारी बाई डोळ्यांसमोर येते. या उलट्या होत्या. सातला शाळा भरली की व्हरांड्यातून अशा चालत, की आत कोणी आजारी माणूस निजला आहे असे वाटावे. एखादे सर टेबलावर डस्टर आपटायला लागले की दारातून डोकावून सांगत, "सर, जरा हळू. यांचं अजून उजाडायचंय."

मी त्या शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. पंचवटीच्या बाजूची, दोन अधिवेशनांत भरणारी शाळा. इमारत एक आणि मुले दुप्पट, म्हणून आठवी ते दहावी सकाळी सात ते सव्वाबारा, आणि पाचवी ते सातवी दुपारी साडेबारा ते पावणेसहा. असेच का, उलटे का नाही, हे कोणी विचारत नसे. मोठी मुले आहेत, त्यांना उठायला काय झाले, एवढे एकच उत्तर होते आणि ते मीही पुष्कळ पालकांना दिले आहे. प्रवेशाच्या वेळी कोणी आई कुरकुरली की मी म्हणायचे, "आठवीत आलाय ना आता? मग लाड संपले." बाई शेजारच्या टेबलावर हजेरीपत्रक भरत हे ऐकत. तिथे काही बोलत नसत. मधल्या सुट्टीत चहा घेताना वसूल करत.

बाई सटाण्याकडच्या. उंच, काळ्यासावळ्या, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. कॉलेजात असताना खो-खो खेळलेल्या, आणि पळणाऱ्याच्या पाठीवर थाप मारावी तशी त्यांची बोलण्याची पद्धत. एरवी शुद्ध बोलत, पण चिडल्या की थेट अहिराणीवर येत. मैदानाच्या कोपऱ्यात दहावीची टगी पोरे घोळका करून उभी असली की लांबूनच विचारत, "काय शे रे तठे?" तेवढ्याने घोळका पांगायचा. तेव्हा त्यांना कोणी मऊ समजू नये. आळशी तर मुळीच समजू नये. स्वतः साडेचारला उठून गोदावरीच्या काठाने चालून येत. मी एकदा त्यावरून टोकले, तर म्हणाल्या, "मी उठते कारण मला चाळिशी लागली. पंधराव्या वर्षी माझी आई मला पायाला धरून खाटेवरून ओढायची. ते ओढणं अजून दुखतं."

मंगळवारी आणि शुक्रवारी पहिला तास नववी 'ब'ला त्यांचा असे. प्रार्थना झाली की वर्गाला रांगेने सभागृहात नेत, सतरंज्या पसरायला लावत आणि सूचना देत. पाठीवर निजा. हात अंगापासून लांब. डोळे बंद. लक्ष श्वासाकडे. पाच मिनिटांत सगळा वर्ग गाढ झोपलेला असे. बाई दारात खुर्ची टाकून राखण करत बसत. कोणी घोरू लागले की उठून जात आणि त्याला कुशीवर वळवून परत येत. तास संपायच्या आधी पाच मिनिटे खिडक्या उघडत, उजेड आत घेत आणि एकेकाचे नाव घेऊन उठवत. आरडाओरडा नाही, पाणी मारणे नाही.

"हा पीटीचा तास आहे का हो, बाई?" मी विचारले.

"शवासन अभ्यासक्रमात आहे, ताई. पुस्तकात चित्रासकट आहे. डोळे मिटायला लावणं हे माझं काम. त्यापुढे काय होतं ते त्यांच्या वयाचं काम."

इतिहासाच्या बाईंचा दुसरा तास असायचा. मंगळवार-शुक्रवारचा 'ब' वर्ग वेगळाच असतो, नुसता पुतळ्यासारखा बसत नाही, असे त्या स्टाफरूममध्ये दोन-तीनदा म्हणाल्या होत्या. पण त्यातून पुढचे कोणी काही काढले नाही. मीही काढले नाही.

बाईंनी स्वतःचे मात्र काढले होते. त्यांच्याकडे एक वही होती. तीच मुले, तेच मैदान, सुट्टीतल्या सराव शिबिरात सकाळी सातला किती वेळात पळतात आणि संध्याकाळी पाचला किती वेळात पळतात, असे त्या वर्षानुवर्षे लिहीत आल्या होत्या. सातवीच्या मुलांमध्ये फारसा फरक नसे. नववी-दहावीत असे, आणि नेहमी एकाच बाजूला असे. "बारा वर्षांचं पोर चिमणीबरोबर उठतं," त्या म्हणत. "पंधरा वर्षांचं उठत नाही. रात्री झोपही त्याला उशिराच येते, लवकर आडवं केलं तरी छताकडे बघत पडतं. अंगातलं घड्याळच पुढे सरकतं. दोन-चार वर्षांनी येतं परत जागेवर. तेवढी वर्षं आपण त्यांना सकाळी सातला बोलवतो, आणि ज्यांना सहाला आपसूक जाग येते त्यांना दुपारी. चांगलं उलटं जुळवलंय आपण!"

मला हे पटत नव्हते. मी मुलखाची शिस्तीची बाई. मी म्हटले, "बाई, मी पण सकाळच्या शाळेत शिकले. पाचला उठायचे. मेले का?"

"नाही मेलात. पण दहावीला पहिला तास कशाचा होता?"

"बीजगणिताचा."

"येतं का बीजगणित?"

मला बीजगणित येत नाही. तेव्हाही येत नव्हते. मी कप उचलला आणि विसळायला गेले.

त्या वर्षी माझी मुलगी अवनी नववी 'ब'त होती. आमच्याकडे नियम असा, की प्रार्थना सुरू झाली की गेट बंद. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण, आणि तीन लाल खुणा झाल्या की पालकांना पत्र. ते पत्र माझ्या सहीने जाते. दिवाळीनंतर थंडी वाढली तशा अवनीच्या तीन खुणा झाल्या. ती सायकलने यायची, म्हसरूळहून, आणि मी साडेसहालाच पुढे निघालेली असायचे. मी छापील नमुना काढला, तिचे नाव भरले, खाली लिपिक म्हणून सही केली, जावक नंबर टाकला, पत्र पर्समध्ये घालून घरी नेले, पालक म्हणून सही केली, दुसऱ्या दिवशी आवक नोंद केली आणि फाईलला लावले. मला त्यात काही विनोदी वाटले नाही. नियम सगळ्यांना सारखा.

बाईंनी ते पत्र बघितले. "जावक तुम्ही, आवक पण तुम्हीच. मधे पोरीला कोणी काही विचारलं का, ताई?"

"विचारायचं काय? लवकर झोपायचं सोडून लोळत पडते."

"किती वाजता झोपते?"

क्लासवरून ती साडेआठला यायची, जेवायची, गृहपाठ करायची. मी दहाला दिवा घालवून झोपायचे. पुढचे मला माहीत नव्हते.

पत्र लागल्यावर मी तिला स्कूटरवर मागे बसवून आणू लागले. एवढे झाले की उशीर होणार नाही, असा माझा हिशेब. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दिंडोरी नाक्याच्या सिग्नलला मागे जड वाटले, आणि मग एकदम हलके वाटले. वळून बघते तो अवनी एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले, दप्तराच्या ओझ्याने घसरत चाललेली. मागच्या रिक्षावाल्याने ओरडून तिला जागे केले. मला एक उपाय सुचला. दुसऱ्या दिवसापासून मी तिची ओढणी तिच्या पाठीमागून घेऊन माझ्या पोटावर घट्ट गाठ मारू लागले. ती माझ्या पाठीवर डोके टाकून शाळेपर्यंत झोपत येई. पडायची भीती गेली, उशीरही गेला. मला स्वतःचे कौतुक वाटले, आणि ते मी ऑफिसमध्ये सांगितले. सगळे हसले. शिपाई म्हणाला, "बाई, पेटंट घ्या."

शिट्टीबाई हसल्या नाहीत. हातातला हजेरीपट खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, पोर झोपेत गाडीवरून पडेल म्हणून तुम्ही तिला दोरीसारखं बांधून आणलंत. आणि तरी तुमचं म्हणणं, चूक पोरीचीच?"

मी म्हटले, "ओढणी होती. दोरी नव्हती." घरी जाऊन रडले वगैरे नाही. पण त्या दिवशी हजेरीपत्रकात लाल पेन उचलताना माझा हात जड झाला, आणि तो पुढे जडच राहिला.

त्याच आठवड्यात बाईंनी अर्ज दिला. मी टाइप केला. एका पानाचा अर्ज होता. आठवी ते दहावी दुपारच्या अधिवेशनात घ्यावी आणि पाचवी ते सातवी सकाळच्या. खोल्या त्याच, बाकडी तीच, शिक्षक तेच, एक पैशाचा खर्च नाही. सोबत वहीतल्या पानांच्या झेरॉक्स. मुख्याध्यापकांना आम्ही हेडसर म्हणतो. ते सज्जन गृहस्थ. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, मुद्दा बरोबर आहे. पण वर कसं सांगायचं?"

वर सांगण्याआधीच स्टाफरूममध्ये वणवा लागला. गणिताचे सर सायखेड्याचे, बारा एकर द्राक्षबाग. सकाळची शाळा सुटली की दोनला ते बागेत असत. त्यांची दुपार गेली तर बागेचे काय, हा खरा प्रश्न. पण तो तसा कसा विचारणार?

"बाई, पोरांची झोप मोजायला आपल्याला नेमलंय का शासनानं?" सर म्हणाले. "शिस्त म्हणून काही राहील की नाही?"

"सर, तुम्ही बागेला पाणी कधी देता?"

"गरज असंल तेव्हा."

"म्हणजे वेलाकडे बघून. का तुमच्या सोयीनं?"

"अहो, वेलाकडे बघूनच. नाहीतर माल हातचा जाईल."

"तेच म्हणते मी. द्राक्षाचं नशीब चांगलं." बाईंनी बुटाची लेस बांधली आणि मैदानावर गेल्या. सर आमच्याकडे बघून म्हणाले, "लय बोलते ही बाई." पण कोणी दुजोरा दिला नाही. वेल आणि पोर एकाच वाक्यात आल्यावर बोलायला फार काही उरत नाही.

कुणीतरी संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला. शुक्रवारी सकाळी सव्वासातला त्यांची गाडी दारात. पांढरे कपडे, दोन माणसे मागे. हेडसर धावले, फाईल घेऊन मी. अध्यक्ष थेट सभागृहाकडे. दारात खुर्चीवर शिट्टीबाई, आणि आत सतरंज्यांवर नववी 'ब' आडवी. तिसऱ्या रांगेत माझी अवनी तोंड उघडे टाकून झोपलेली.

"बाई, हा तास कसला?" अध्यक्षांचा आवाज मोठा. सभांची सवय.

बाई उठून उभ्या राहिल्या. "शारीरिक शिक्षणाचा, साहेब. जरा हळू. आत्ताच लागलीय त्यांना."

"काय लागलीय?"

"झोप."

आणि खरे सांगते, अध्यक्षांनी आवाज खाली आणला. पुढची सगळी खरडपट्टी त्यांनी कुजबुजत काढली. ही शाळा आहे की धर्मशाळा, पालक फी कशाला भरतात, उद्या पेपरात आले तर संस्थेचे नाव काय राहील, हे सगळे त्यांनी इतक्या हळू विचारले की मागच्या दोघांना मान पुढे काढून ऐकावे लागले. बाई हात मागे बांधून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "साहेब, मुलं शाळेत झोपतात हे तुम्हाला दिसलं, बरं झालं. ती रोजच झोपतात. बाकीच्या तासांना डोळे उघडे ठेवून झोपतात, एवढाच फरक."

मग हेडसरांच्या खोलीत बसणे झाले. अध्यक्ष आता नेहमीच्या आवाजात. "जूनला पर्यवेक्षकांची जागा रिकामी होतेय. सेवाज्येष्ठतेनं तुमचाच नंबर आहे, बाई. कशाला वाकड्यात शिरताय? हा अर्ज मागे घ्या, ते शवासन बंद करा. ऑर्डर मी काढतो."

पर्यवेक्षकपदासाठी बाई अठरा वर्षे थांबल्या होत्या. पीटीच्या शिक्षकाला ते पद सहसा मिळत नाही; रांगेत असला तरी कोणी ना कोणी पुढे सरकवला जातो. त्यांच्या घरी त्याची वाट बघणारे होते. हे मला माहीत होते, कारण सेवापुस्तके माझ्याच कपाटात आहेत आणि ज्येष्ठता यादी मीच करते. मला वाटले, आता बाई जरा वेळ मागतील.

"नंबर माझा असेल तर तो तसाच आला पाहिजे, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि अर्ज पोरांसाठी आहे. तो मी कशाच्या बदल्यात मागे घेऊ? मला विकता येईल असं त्यात काही माझं नाही."

"विचार करा."

"मी आठ वर्षं केला. आता तुम्ही करा."

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, माझ्या अर्जाची पोच राहिलीय." अध्यक्ष समोर, हेडसर समोर. मी शिक्का बरोबरच आणला होता. तारीख घातली, शिक्का मारला आणि प्रत त्यांच्या हातात दिली. नोकरीत मी आजवर हजारो शिक्के मारले असतील. त्यातला तेवढा एकच मारताना मला बरे वाटले.

पालकसभा शनिवारी ठेवली. प्रकरण एकदाचे मिटवायचे म्हणून. सभागृह भरले होते. बाईंनी पाच मिनिटांत म्हणणे मांडले. एक आई उठल्या, नोकरीच्या असाव्यात, घाईत होत्या. "पोरं दुपारपर्यंत घरी राहिली तर मोबाइल घेऊन लोळतील. त्यापेक्षा शाळा बरी."

"आत्ता साडेबाराला घरी येतात, तेव्हा तुम्ही घरी असता का, ताई?" बाईंनी विचारले.

"नाही. मी सहाला येते."

"मग आत्ता साडेबारा ते सहा काय करतात?"

सभागृह हसले. त्या बाईही हसल्या, पण बसताना म्हणाल्या, "ते खरं, पण तरी." हा 'पण तरी' त्या दिवशी सगळ्यांच्याच तोंडी होता. गणिताच्या सरांनी क्लासेसचा मुद्दा काढला. संध्याकाळचे क्लास कसे जमणार? बाई म्हणाल्या, "शाळेची वेळ बदलली की क्लास आपली बदलतील. गिऱ्हाईक ज्या वेळेला येतं त्या वेळेला दुकान उघडतं."

मागे एक गृहस्थ उभे होते, कंपनीच्या निळ्या शर्टात, बहुतेक रात्रपाळी करून तसेच आलेले. त्यांना माइक दिला तर त्यांनी तो हातात नुसता धरला. "मी सातपूरला कंपनीत आहे. आमची शिफ्ट फिरती. सकाळी सहाच्या फर्स्ट शिफ्टचा आठवडा आला की दोन-तीन दिवस माझं डोकं चालत नाय, मशीनवर चुका होतात. सुपरवायझर पण त्या दिवसांत जोखमीचं काम देत नाय. पण माझी शिफ्ट आठवड्यानं बदलते. पोरीची तीन वर्षं बदलत नाय. एवढंच म्हणायचं होतं." ते माइक परत द्यायला विसरले आणि तो घेऊनच बसले.

हात वर करायला सांगितले. अनुकूल हात मोजके निघाले. इतिवृत्त लिहायला मी व्यासपीठाच्या कोपऱ्यात बसले होते. लिहिणाऱ्याने मधे पडायचे नसते, हा संकेत मला कोणी शिकवायला नको. पण नववी 'ब'त माझी मुलगी होती, आणि सभा पालकांची होती. मी पेन खाली ठेवले आणि हात वर केला. हेडसरांनी माझ्याकडे पाहिले, मग छताकडे पाहिले, आणि मला मोजले.

सभा संपल्यावर अध्यक्ष जाता जाता म्हणाले, "सर्वानुमते नामंजूर, असं लिहा." मी 'बहुमताने नामंजूर' लिहिले आणि अनुकूल हातांचा आकडा लिहिला. सोमवारी त्यांनी कच्चा कागद बघून मला बोलावले. "मी सर्वानुमते म्हटलं होतं."

"साहेब, माझा हात वर होता. मला तो स्पष्ट दिसला."

कागद तसाच गेला. शवासन बंद करायचा लेखी आदेश मात्र आला. बाईंनी वार्षिक परीक्षेपर्यंत तो तास तसाच घेतला. हेडसरांनी विचारले तर म्हणाल्या, "आता ध्यान घेते. तेही पुस्तकात आहे."

जूनमध्ये पर्यवेक्षकपद गणिताच्या सरांना मिळाले आणि बाईंची बदली पेठच्या शाखेत झाली. घाटापलीकडची शाळा. संस्थेत कोणाला सरळ करायचे असले की त्याला तिकडे पाठवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ऑर्डर मीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "तिथली वेळ काय?"

"अकरा ते पाच."

त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेरचा शिपाई आत आला. "शिक्षा म्हणून मला अकराच्या शाळेत पाठवतायत! ताई, यांना धड शिक्षासुद्धा देता येत नाही हो." मीही हसले. मग त्यांनी विचारले, "मंगळवार-शुक्रवारचं काय केलं?" मी सांगितले, की नव्या वेळापत्रकात पीटी शेवटच्या तासाला टाकली आहे, सगळ्याच वर्गांना. तेव्हा त्यांचे हसू गेले. ऑर्डरची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "आता इथे बोलणारं कोणी नाही. तुम्ही आहात फक्त."

मी म्हटले, "मी लिपिक आहे, बाई."

"विषयपत्रिका कोण लिहितं?"

त्या निरोप समारंभाला आल्या नाहीत. शाल-श्रीफळ ऑफिसात पडून राहिले, ते मी नंतर शिपायाबरोबर पाठवून दिले. पेठला त्यांनी खोली घेतली, शनिवारी नाशिकला येत. नवऱ्याची बँकेतली नोकरी इथेच होती. घर दोन ठिकाणी झाले आणि पद गेले ते गेलेच. हे मी लिहिते, कारण बाई ते कधी बोलल्या नाहीत, आणि लोकांना वाटते असल्या माणसांना काही किंमत मोजावी लागत नाही.

शाळा समितीची विषयपत्रिका मी लिहिते. पुढच्या वर्षी मी त्यात 'अधिवेशनांच्या वेळेबाबत' असा विषय घातला. अध्यक्षांनी वाचला आणि सोडून दिला. त्यापुढच्या वर्षी पुन्हा घातला. तेव्हा वेळेअभावी राहिला. मध्यंतरी चौथीपर्यंतच्या मुलांना सकाळी नऊच्या आत शाळेत बोलवायचे नाही, असा सरकारचा आदेश आला. मी त्याची प्रत विषयपत्रिकेला टाचली आणि खाली लिहिले, की लहानांची झोप सरकारला दिसली आहे, मोठ्यांची आपण बघावी. हेडसर म्हणाले, "हे टिपणीत शोभत नाही, बाई." मी म्हटले, "खोडा मग." त्यांनी खोडले नाही. निवृत्तीला त्यांचे एक वर्ष राहिले होते. तेवढे धैर्य त्यांनी त्यासाठी राखून ठेवले असावे.

शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून म्हणा, समितीने नववीच्या तिन्ही तुकड्या एका वर्षासाठी, प्रायोगिक म्हणून, दुपारी घेतल्या आणि सातवी सकाळी आणली. अवनी तोपर्यंत कॉलेजात गेली होती. तिला सांगितले तर म्हणाली, "माझ्या वेळी सगळे झोपले होते का गं?"

"झोपली तू होतीस," मी म्हटले. "आम्ही जागे होतो. तेच वाईट."

दुपारची नववी सुरू होऊन महिना झाल्यावर गणिताचे सर माझ्या टेबलाशी आले. पर्यवेक्षक असले तरी नववीला तेच शिकवतात. बागेची फवारणी त्यांनी सकाळी ठेवली होती आणि ती तशीच बरी पडते, हेही त्यांनीच मला सांगितले. पण चेहरा त्रासलेला. "अहो, पोरं प्रश्न विचारायला लागलीत. हे असंच का, ते तसं का. दोन धडे मागं पडलोय मी."

मी त्या संध्याकाळी बाईंना फोन लावला. पेठला रेंज धड नसते, तिसऱ्यांदा लागला. नववीचे सांगितले, सरांची तक्रार शब्दशः सांगितली. त्या खूप हसल्या. मला वाटले, आता काहीतरी चांगले बोलतील.

"आणि दहावी?" त्या म्हणाल्या.

"बोर्डाचं वर्ष आहे, नको म्हणतात."

"आठवी?"

"तीही नाही अजून."

"मग फोन अर्ध्यातच केलात, ताई."

मला राग आला. एवढी वर्षे भांडून एक इयत्ता हलवली आणि शाबासकी सोडाच, वर हे. मी फोन ठेवला, चहा केला, प्याले. मग पुढच्या पालकसभेच्या विषयपत्रिकेचा कागद काढला आणि इतर सगळे विषय खाली ढकलून पहिल्या ओळीत आठवी आणि दहावी लिहिली. सभा या महिन्यात आहे. माझे मूल आता शाळेत नाही, त्यामुळे मला हात वर करता येणार नाही. म्हणून ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी सभेची तारीख चिठ्ठीवर लिहून देते, आणि ती त्यांनी खिशात नीट ठेवली की नाही, ते बघूनच पुढच्याला बोलावते.